मंगळवारचा चोथा

“ह्यात दारू हाय का न्हाई, तेवढंच सांग. शानपट्टी नको!”

“सांगायलो ना मॅडम, नाही. दारू पुढं होते. हा नुसता सातूचा चोथा आहे. शिजवून, निथळून टाकलेला.”

“मग माझी म्हस उठंना कशी?”

त्यानं म्हशीकडं बघितलं, मग माझ्याकडं... आणि एकदम साळसूद तोंड करून म्हणला, “अर्धं टिपाड खाल्लंय तिनं. तुम्ही खाल्लं असतं तर तुम्हीबी उठला नसता.”

असा राग आला! काठी म्हशीवर उगारावी का त्याच्यावर, तेच कळंना. म्हस बसली होती बरोबर हॉटेलच्या फाटकात. तिच्यामागं एक लांबडी गाडी, आणि गाडीत गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेला माणूस हॉर्न बडवतोय. रिपरिप पाऊस चालू. मी घसा फोडून ओरडतीये आणि म्हस डोळे मिटून रवंथ करतीये.

तर हा पुढं आला, तिच्यापुढं उकिडवा बसला, कानामागं खाजवलं, कायतरी पुटपुटला. आणि उठली की ती! माझी म्हस! फितूर कुठली.

“आमच्या घरी दोन आहेत. परभणीला,” तो म्हणला. “नाव काय हिचं?”

“राधी.”

“आणि तुमचं?”

“तुला काय करायचंय?”

“नाही... राधीचं लगेच सांगितलं, म्हणून विचारलं.”

मी म्हस घेऊन निघाले. वळून बघायचं न्हाई असं ठरवलं होतं. वळून बघितलं. तो पावसात तसाच उभा होता, गुडघ्याएवढे गमबूट घालून, आणि हसत होता.

ही महाळुंग्यातली गोष्ट, सुरू झाली दोन हजार नऊच्या पावसाळ्यात. मी वैष्णवी. एकोणीस वर्षांची. अकरावीत असताना वर्गात मॅडम म्हणल्या, “शेणाचा वास येतोय, मागं बस.” मी दप्तर उचललं आणि मागं न्हाई, थेट घरी येऊन बसले. अजून बसलीये.

घरात मी आणि आबा, माझे वडील. दादानं बाणेरला फ्लॅट घेतला आणि आईला नातू सांभाळायला घेऊन गेला. रविवारी येते ती, तासभर बसते, सारखी घड्याळ बघते. बरोबरच्या पोरींची लग्नं झाली. आमच्या शेतात आता सात टॉवर हायेत. मधी राहिलाय गोठा, दोन म्हशी आणि पेरूचं एक झाड. संध्याकाळी सगळ्या खिडक्यांत दिवे लागतात... आणि एकाबी खिडकीतलं माणूस माझ्या ओळखीचं न्हाई.

आणि ते हॉटेल. दिग्विजय सर आणि ऋतिकाताई, दोघं नवरा-बायको हिंजवडीच्या कंपनीत होते. नोकऱ्या सोडल्या आणि हे काढलं. हितं बियर बाटलीतली न्हाई, तिथंच शिजवलेली. काचेमागं तांब्याच्या टाक्या, अशा चकचकीत, की बाया बघून म्हणायच्या, एवढी मोठी घंगाळं कशाला! गावात सगळे त्याला बियरचा कारखाना म्हणायचे. पण कारखान्यात माणूस एकच. एकनाथ. तोच तो, गमबूटवाला.

दोन दिवसांनी तो गोठ्यावर आला. हातात घमेलं, घमेल्यात चोथा.

“राधीसाठी,” म्हणला.

“आबा माळकरी हायेत. दारूच्या कारखान्यातलं काय चालायचं न्हाई.”

आबा आतून आले. चोथा चिमटीत घेतला, वास घेतला, जिभेवर ठेवला. बराच वेळ चघळला. मग म्हणले, “लापशी हाय की ही.” आणि आत गेले.

झालं. मंगळवारी आणि शुक्रवारी तो बियर शिजवायचा, आणि त्याच दुपारी मी एम-एटी गाडीला दोन्ही बाजूंनी निळी टिपाडं बांधून मागच्या दाराला जायचे. त्याला चोथा लगेच हलवायला लागायचा, न्हाईतर आंबून वास सुटतो, मग टॉवरवाले तक्रार करतात. मला म्हशींना खायला पाहिजे. दूध वाढलं, दाट झालं. सगळ्यांचं भलं. एवढंच होतं ते.

एवढंच होतं, असं मी स्वतःला सांगायचे. मग सोमवारी केस का धुवायचे, ते मात्र सांगत नव्हते.

“आज उशीर केला.”

“तुझी नोकरी करते का मी?”

“नाही, चोथा गार झाला म्हणून म्हणायलो.”

“म्हणायलो काय, सांगायलो काय! नीट बोल की.”

“बोलायलो की.”

मी तोंड फिरवून हसायचे. दिसू नये म्हणून. पण त्याला दिसायचं.

एक दिवस त्यानं स्टीलच्या पेल्यात कायतरी आणलं. गरम, तांबूस. मी मागं सरकले. तो म्हणला, “ह्यात काहीच नाही. सातू शिजवून निघालेलं गोड पाणी. ह्याची बियर व्हायला अजून तीन आठवडे आहेत.” मी घोट घेतला. काकवीसारखं लागलं, पण हलकं. वाफ नाकात शिरली, पावसाचे थेंब पेल्यात पडत होते. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यागत.

“कसंय?”

“बरंय.”

“नुसतं बरंय?”

“...लई बरंय.”

त्यानं पेला परत घेतला. राहिलेला घोट स्वतः प्याला. मी टिपाडाची दोरी बांधायला लागले. बांधलेलीच होती ती.

तेव्हाच बोलता बोलता कळलं, तोबी माझ्यासारखाच एकटा हाय. जवळच्या जांबे गावात चार पोरांत खोली. ती पोरं रात्रपाळीची. हा घरी जायचा तेव्हा ती कामाला, ती यायची तेव्हा हा कामाला. “चार जणांच्यात राहायलो,” म्हणला, “पण चौघांच्या चपला तेवढ्या एकमेकींना भेटतात.”

दिवाळीनंतर बालेवाडीच्या रस्त्याला एकापाठोपाठ एक बार निघाले. बाटलीवाल्या मोठ्या बियर कंपन्यांनी त्यांना फुकट फ्रीज दिले, छत्र्या दिल्या, एका बाटलीवर एक बाटली फुकट. हितं एकनाथची बियर गढूळ दिसायची. ती गाळत न्हाईत, म्हणून तशी असते. पण नवीन गिऱ्हाईक पेला उजेडात धरायचं आणि म्हणायचं, “खराब झालीये वाटतं.” दिग्विजय सर प्रत्येक टेबलाला जाऊन समजावायचे. समजावून समजावून त्यांचा आवाज बसला. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पुढच्या वेळी छत्रीखाली जाऊन बसायचं.

ऋतिकाताई गल्ल्यावर असायच्या. मला बघितलं की लाडू द्यायच्या, आबांची चौकशी करायच्या. आता त्या नुसत्या दाराकडं बघत बसायला लागल्या. कुणी आलं की उभ्या राहायच्या. वाट विचारायला आलेलं असायचं.

माझे डोळे वाईट हायेत. म्हणजे चांगले हायेत, तेच वाईट. मला दिसायला लागलं, की हॉटेलपुढच्या गाड्या कमी झाल्यात, पार बोटावर मोजण्याएवढ्या, पण माझी टिपाडं भरलेलीच. मंगळवारी भरलेली, शुक्रवारी भरलेली. पीत कुणी न्हाई, आणि शिजतंय तेवढंच?

एका शुक्रवारी मी मुद्दाम सकाळीच गेले. मागच्या गटाराला फेस आलेला. पांढरा, जाड, साबणागत. आणि वास साबणाचा न्हाई. एकनाथ नळी हातात धरून उभा होता. टाकीतली बियर गटारात सोडत होता.

मला बघून त्याचा हात थांबला.

“काय करतोयस?”

“जुनी झाली होती. विकली नाही तर... फेकावी लागते.”

“आणि आज परत शिजवणार?”

त्यानं नळीचं तोंड दुसरीकडं वळवलं.

“दिग्विजय सरांनी सांगितलं शिजवायला?”

“त्यांना म्हणलो, टाकी रिकामी ठेवली तर खराब होते.”

“होते?”

“...नाही.”

“मग कुणासाठी शिजवतोस रं?”

त्यानं वर बघितलं. असं बघितलं... मला वाटलं, नको बोलूस. आणि वाटलं, बोल.

“शिजवलं नाही तर चोथा नाही,” तो म्हणला. “चोथा नाही तर तू कशाला येशील?”

पहिल्यांदा ‘तू’ म्हणला.

कुणी माझ्यासाठी काय केल्याचं मला आठवत न्हाई. कुणी माझ्यासाठी पाणीबी उकळलं नव्हतं, आणि ह्यानं टाक्याच्या टाक्या... मला रडायला यायला लागलं. आणि मला रडायला आलं की राग येतो.

“अक्कल हाय का तुला? ती बाई तिथं दाराकडं डोळे लावून बसलीये! मोठ्या कंपन्या न्हाईत, तूच बुडवणार त्यांना! आणि हे बंद पडलं की तू कुटं जाणार? परभणीला? मग तरी मी दिसणार हाय का?”

“वैष्णवी—”

“गप. म्हस एका येळंला जेवढं देते तेवढंच दूध. संपलं की आबा कॅन पालथा घालतात. लोक म्हणून तर पहाटे येऊन उभे राहतात. पिशवीचं दूध दिवसभर मिळतं, त्याला कुणी राहतंय का उभं? जेवढी खपंल तेवढीच शिजव. संपली तर संपली म्हणून पाटी लाव. आणि आधी सरांना खरं सांग.”

“ते काढून टाकतील मला.”

“मग काढून टाकू देत.”

“आणि तू?”

मी टिपाडं सोडली, रिकामीच परत बांधली. “मी यायची न्हाई आता. मी आले की तू शिजवतोस. चोथा होईल तो भैरूला दे, खालच्या आळीतल्या. त्याच्या गाई हायेत.”

गाडीला किक मारली. एका किकमध्ये कधी चालू होत न्हाई ती. त्या दिवशी झाली, मेली.

मग मंगळवार आला. आदल्या दिवशी मी केस धुतलेच न्हाईत. गोठा झाडला, परत झाडला. शुक्रवार आला. राधी फाटकाकडं तोंड करून उभी राहायची. आबा म्हणले, “म्हशीला सवय लागली.” मी म्हणले, “जाईल.” पेंड पुढं टाकली तर हुंगून सोडून दिली तिनं. वाऱ्यावर कधी सातू शिजल्याचा वास आला की मी कामं टाकून उभी राहायचे, आणि आला न्हाई की जास्तच वेळ उभी राहायचे. गेला का तो? काढला का त्याला? कुणाला विचारायचं? सात टॉवर, एवढी माणसं, आणि विचारायला एकबी न्हाई.

भैरूकडनं तेवढं कळलं. दूध घालायला जाताना भेटला. म्हणला, दिग्विजय सर लई भडकले, पोराला हाकललंच होतं, पण ऋतिकाताई मधी पडल्या. म्हणल्या, खोटं बोलला तसा खरंबी स्वतःच बोलला, कुणी पकडला नव्हता. आता एकच टाकी चालू हाय. दारात पाटी असते, आज काय ताजं हाय त्याची. आणि संपली की दुसरी पाटी, ‘संपली’. पहिले आठवडे लोक हसले. मग कंपनीतली पोरं संपायच्या आत पोचायला म्हणून लवकर यायला लागली. बालेवाडीच्या बारसारखी गर्दी न्हाई. ती व्हायचीबी न्हाई. पण चाललंय.

“चोथा मात्र लई कमी मिळतो,” भैरू कुरकुरला.

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. चोथा कमी! पण घरी आले आणि गोठ्यात जाऊन बसले. कारखाना वाचला, तो हितंच राहिला, माझ्यापास्नं हाकेच्या अंतरावर. आणि मीच त्याला सांगून आले होते, येणार न्हाई म्हणून. माझा स्वभाव असला. बोलते आणि मग बोललेलं गिळता येत न्हाई.

काल बुधवार. बुधवारी कुणी कायबी शिजवत न्हाई. मी दुपारी धारेची भांडी घासत होते. गोठ्याच्या दारात सावली पडली. वर बघितलं, तर एकनाथ. गमबूट न्हाईत, पायात चपला. केस विंचरलेले. हात मोकळे, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

“चोथा?” मी विचारलं.

“नाही आणला.”

“मग कशाला आलास?”

“...नाही आणला, म्हणून आलो.”

मी भांडं घासत राहिले. तेच भांडं. आत राखेचा कण न्हाई उरला, तरी घासत राहिले.

“काहीतरी बोल की,” तो म्हणला. “शिव्या दे. दोन महिने झाले, तुझ्यासारख्या शिव्या कुणी दिल्या नाहीत.”

“एकनाथ.”

“काय?”

“असं गोठ्याच्या दारानं येऊ नको.”

त्याचं तोंड उतरलं. “बरं,” म्हणला. वळायला लागला. खुळाच हाय!

“अरे, पुढच्या दारानं ये,” मी म्हणले. “उद्या. आबा घरात असतात चारला. काय काम करतोस ते तुझ्या तोंडानं सांग त्यांना. मलाबी सांगायचंय त्यांना कायतरी... मी एकटी न्हाई सांगू शकत.”

त्यानं विंचरलेल्या केसांत हात घालून ते परत विस्कटले. मग म्हणला, “ते माळकरी आहेत.”

“व्हय.”

“मी बियर करतो.”

“व्हय.”

“हाकललं तर?”

“तर मी हाय की.”

ही झाली कालची गोष्ट. आज चार वाजून गेले. पुढच्या खोलीत तो बसलाय, खुर्चीच्या पार कडेला. समोर कॉटवर आबा. मी दाराआड. तो बोलला सगळं, अडखळत, कपाळ पुसत, पण बोलला. बियरचं बोलला, गटारातलंबी बोलला. माझं नाव घेतलं तेव्हा उठून उभा राहिला, परत बसला. आबांनी अजून एक शब्द काढला न्हाई. माळेवरनं बोट फिरवतायत आणि त्याच्याकडं बघतायत, चोथा चघळताना बघत होते तसं न्हाई... वेगळंच. काय चाललंय त्यांच्या मनात, माझ्या ह्या डोळ्यांनाबी दिसंना.

आता आबांनी हाक मारली. “वैष्णवे, बाहेर ये.”

जायला पाहिजे मला.