कारण सांग, क्लेम

विनिफ्रेड थॅकरे वर्तमानपत्र घ्यायला दुकानात शिरली, तेव्हा आयरिस गल्ल्यामागे लोकरीचे गुंडे रचत होती.

"अगं विनी, आता कुणासाठी नेतेस हे? बातम्या वाचल्या की तुझं डोकं उठतं ना?"

"सवय," विनी म्हणाली आणि घडी काखेत मारून बाहेर पडली.

सवय खरं तर क्लेमची. क्लेमंट म्हणजे तिचा थोरला भाऊ. डोळे गेले, पण शब्दकोड्याचं वेड गेलं नाही. दुपारचा चहा झाला की विनीनं एकेक ओळ वाचायची आणि त्यानं खुर्चीत रेलून उत्तर द्यायचं. ती कोडी सरळ नसतातच. वरून एक बोलतात, आत भलतंच शिजत असतं. 'नदी उलटी वाहू लागली आणि माणूस भिकेला लागला. दोन अक्षरं.' विनीच्या डोळ्यांपुढे पूर यायचा, वाहून गेलेली शेतं यायची. क्लेम खदखदून हसायचा. "दीन! अगं, नदी उलटी वाच की. दी... न!" उत्तरापेक्षा हे समजावून सांगण्यातच त्याचा जीव. "उत्तर चोरताही येतं, विने," तो म्हणायचा, "कारण चोरता येत नाही."

सप्टेंबरात ती बाजारातून परतली, तर तो स्वयंपाकघरात, मागच्या दारापाशी पडलेला. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले.

त्यांचं घर गावाबाहेर, जुन्या रेल्वे फाटकापाशी. रूळ कधीच उखडून नेलेले. चहूकडे सपाट काळी शेतं आणि मधूनमधून पाण्याचे चर. नोव्हेंबरात दिवस लवकर मावळतो, आणि मावळताना त्या चरांतून धुकं वर येतं, कुजलेल्या लव्हाळ्यांचा वास घेऊन.

अशाच एका दुपारी विनीनं चुकून दोन कप चहा ओतला, आणि चुकूनच रिकाम्या खुर्चीला कोड्यातली ओळ वाचून दाखवली. उत्तर आलं. मागच्या दाराबाहेरून... क्लेमच्याच आवाजात, थोडं घशात अडकल्यासारखं.

घाबरायचं तिला सुचलंच नाही. तिनं ते वर्तमानपत्र छातीशी घट्ट धरलं, पोटभर रडली, आणि पुढची ओळ वाचली. दार मात्र उघडलं नाही. उघडलं तर आवाज निघून जाईल, असं तिला वाटलं.

मग रोजच सुरू झालं. विनीचं आयरिसकडे बसणं-बोलणं तुटलं, वर्तमानपत्र उचललं की ती थेट घरी. जेवणाची शुद्ध राहिली नाही. सकाळपासून ती घरभर नुसती येरझाऱ्या घालायची, दुपार कधी होते म्हणून.

शेवटी आयरिसच आली. "आरशात पाहिलंस का? डोळे खोल गेलेत. चल माझ्याकडे राहायला."

"मी एकटी नाहीये," विनी म्हणाली. "ऐक तर." आणि तिनं वाचलं, "म्हातारपण उलटून पडलं आणि सत्ता हाती आली. दोन अक्षरं."

"राज..." दाराबाहेरून आवाज आला.

आयरिसनं हातातली बशी खाली ठेवली. ती दबक्या आवाजात म्हणाली, "राज कसं काय?"

"म्हातारपण म्हणजे जरा. ते उलटं वाचलं की..."

"तुला नाही विचारलं. त्याला विचारतेय."

दाराबाहेर काहीच हललं नाही.

"विनी," आयरिस कुजबुजली, "उत्तर देऊन क्लेमंट थॅकरे गप्प बसला, असं जन्मात कधी झालंय? अगं, माझ्या नवऱ्याच्या मयताला त्यानं भर चर्चमध्ये पाद्रीबाबांना कोडं समजावलं होतं! हा क्लेम नाही गं..."

"तू जा," विनी म्हणाली.

आयरिस गेली, पण शंका घरात ठेवून गेली. विनीला बसवेना. आता तिच्या ध्यानात येऊ लागलं: जी ओळ तिची तिला सुटली नव्हती, तिचं उत्तर बाहेरून कधीच आलं नव्हतं. एकदाही नाही. धुकं खिडकीला टेकलं होतं. ती मागच्या दारापाशी गेली.

"क्लेम... कारण सांग. राज कसं?"

फळीला काहीतरी घासलं. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. मग पहिल्यांदाच त्या आवाजानं तिला कोडं घातलं.

"सदा रडणारीच्या पोटात आहे... आत यायला लागतं. दोन अक्षरं."

सोडवायचं नाही, असं तिनं ठरवलं. पण इतक्या वर्षांची खोड. मन ऐकतंय थोडंच? 'सदा रडणारी'... पुढचा स गळला, मागचं डणारी गळलं. मध्ये उरलं, दार.

"उन्हाची सुरुवात, पुढे द्राक्षांचा घोस... तीन अक्षरं."

उन्हाचा उ. द्राक्षांचा घोस म्हणजे घड.

उघड.

विनीनं खाली पाहिलं. तिचा हात कडीवर होता. कधी गेला, तिला कळलं नव्हतं. "कारण..." ती म्हणाली, "आधी कारण सांग. का उघडू?"

"क्लेमंटनं उघडलं होतं," आवाज म्हणाला. आता तो क्लेमचा नव्हता.

विनी पुढच्या दारानं पळाली. अंगात कोट नाही, पायांत घरातल्या सपाता. गाव येईपर्यंत तिनं मागे पाहिलं नाही. आयरिसनं तिला शेगडीपाशी बसवलं आणि घोंगडीत गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी, चांगलं ऊन पडल्यावर, आयरिसचा जावई नेव्हिल त्या घराला कुलूप लावायला गेला. तो लेस्टरहून पाहुणा आलेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. विनी खिडकीशी उभीच होती. सपाट रस्त्यावरून तो एकटा परत येताना दिसला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"लावलं कुलूप," दारातूनच तो हात चोळत म्हणाला. "पण विनीमावशी, मागच्या दाराशी कुणीतरी हाका मारत होतं, दार उघडा म्हणून. उघडलं, तर कुणीच नाही! वाराच असणार."

विनी खिडकीपासून मागे सरली.

"अरे, आत ये ना," आतून आयरिस ओरडली, "थंडी शिरतेय घरात!"

"आलो, आलो," नेव्हिल म्हणाला. तो बाजूला सरकला, वडीलधाऱ्या माणसाला आधी वाट द्यावी तसा दार धरून क्षणभर थांबला, आणि मग स्वतः आत आला.