सत्तावीस नंबरच्या खुर्च्या

हे रात्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलं. आणि खरं घडलं.

माझ्या नणंदेच्या, ओआनच्या बाबतीत. तारखा आणि वेळा मी तिला दोनदा विचारल्या, मध्ये महिना जाऊ देऊन. दोन्ही वेळा एका मिनिटाचाही फरक पडला नाही.

ठिकाण तान उयेन, आमच्याकडचं कारखान्यांचं शहर. फर्निचरचा कारखाना, चौथी लाईन. माल, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या.

ओआन घासकामावर होती. रोलरवरून खुर्ची समोर आली, की पॉलिश पेपरनं ती अंगभर घासायची, सीटखाली पेन्सिलनं आपला नंबर टाकायचा आणि पुढे ढकलायची. रंग चढल्यावर काही खोट दिसली तर खुर्ची उलटी करतात. नंबर सापडतो, माणूस सापडतो.

ओआनचा नंबर सत्तावीस.

ऑक्टोबरात एक खुर्ची परत आली. मागच्या उजव्या पायावर ओरखडा... लाकडाच्या रेषांना आडवा, बोटभर लांब.

सीटखाली सत्तावीस.

"ओआनताई, अकरा वर्षं झाली ना या कामात?" लाईनप्रमुख ताम म्हणाला. "आडवं तर नवशिके घासतात."

"हे माझं काम नाही."

"मग नंबर काय माझ्या सासूबाई टाकून गेल्या?"

सगळी लाईन हसली. ओआन हसली नाही.

दहा दिवसांनी दुसरी आली.

तोच पाय. तसाच ओरखडा.

तीन खुर्च्या परत आल्या, की तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणानंतर करार पुढे चालवत नाहीत. ओआनचा नवरा दोन वर्षांपूर्वी भात वाहून नेणाऱ्या होडीवरून पडला, तो गावी अंथरुणालाच खिळून आहे. घर तिच्या एकटीच्या हातांवर.

तिचा संशय लुआवर होता.

लुआ समोर उभी राहून काम करायची. तिची मामेबहीण येन महिनाभर कारखान्याच्या गेटवर खेटे घालत होती. ओआनची जागा रिकामी झाली तर कुणाचं भलं होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ओआननं चार दिवस लुआवरून नजर हटवली नाही. काम चालू असताना लुआ तिच्या जागेजवळ एकदाही आली नाही.

उरली जेवणाची सुट्टी.

आमच्याकडे पावणेबाराला यंत्रं बंद होतात. दिवे बंद, पंखे बंद. माणसं पटापट भात-मासे पोटात ढकलतात, लाईनखाली पुठ्ठे अंथरतात आणि साडेबारापर्यंत झोपतात. दीडशे माणसं असतात, पण शेडमध्ये चिटपाखरू नाही असं वाटतं.

चौदा नोव्हेंबरला ओआन झोपली नाही. डोळे मिटून पडून राहिली.

बारा वाजून पाच मिनिटांनी आवाज आला.

खर्र... खर्र...

यंत्राचा नाही. हातानं घासण्याचा.

तिच्याच जागेवरून.

सापडलीस, ओआनच्या मनात आलं. तिनं मान वळवली. लुआच्या पुठ्ठ्यावर कुणीतरी झोपलं होतं. तोंडावर टोपी होती. पण टोपीखाली लुआच आहे कशावरून? ओआन रांगत गेली आणि तिनं टोपी अलगद उचलली.

लुआच होती. तोंड उघडं टाकून घोरत होती.

आणि मागे आवाज चालूच होता...

ओआन वळली.

तिच्या जागेवर कुणीही नव्हतं. रोलरवर एक खुर्ची होती, अजून हात न लागलेली. तिच्या मागच्या उजव्या पायावरून लाकडाची धूळ खाली गळत होती. चाळणीतून पीठ पडावं तशी.

मग थांबली.

ओआननं पायाला हात लावला. लाकूड गरम होतं. आडवा, ताजा ओरखडा. तिनं खुर्ची उलटी केली.

सत्तावीस. तिच्याच वळणाचं अक्षर.

दिवे लागले तेव्हा तिनं आकडा पुसला होता आणि ओरखडा घासत होती. समोरून लुआनं डोळे चोळत विचारलं, "ताई, टोपी का काढलीत माझी? झोपेत फार सुंदर दिसते का मी?"

"माशा जात होत्या तोंडात," ओआन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात गेली. हा आकडा मला धार्जिणा नाही, बदलून द्या म्हणाली. अशा कारणाला इथे कुणी हसत नाही. तिला एक्केचाळीस नंबर मिळाला.

त्यानंतर तिची एकही खुर्ची परत आली नाही.

डिसेंबरात ऑर्डरी वाढल्या. येनला कामावर घेतलं. बावीस वर्षांची, हात नीटस, येता-जाता "ताई, ताई" करणारी. तिला नंबर दिला तेव्हा ओआन तिथेच उभी होती.

रिकामा होता, म्हणून सत्तावीस दिला.

ओआन काही बोलली नाही. बोलली असती तर काय सांगणार होती? हे तिनं मला विचारलं.

सहा आठवड्यांत येनच्या तीन खुर्च्या परत आल्या. तोच पाय.

शेवटच्या दिवशी येन पिशवी घेऊन ओआनच्या जागेपाशी आली. रडलेली नव्हती.

"ताई, जाते मी. लुआताईला सांगू नका, पण एक बोलायचं होतं."

"बोल ना."

"सुट्टीत मला झोप यायची नाही. माझ्या जागेवर येऊन तुम्ही काय करायचात, ते मी तिन्ही वेळा पाहिलं."

ओआनचा हात थांबला.

"मी?"

"पाठमोऱ्या होतात. पण पाठ ओळखू येते ना, ताई. मी तामदादांना काही सांगितलं नाही. तुमच्या घरचं मला माहीत आहे. माझं काय, मला दुसरीकडे काम मिळेल."

तिनं दोन्ही हात जोडून मान लववली आणि ती गेली.

ओआन शपथेवर सांगते, ती त्या तिन्ही दुपारी आपल्या पुठ्ठ्यावर झोपलेली होती. मी तिच्यावर विश्वास ठेवते.

पण झोपलेलं माणूस आपण झोपलो होतो हे कसं सांगणार?

आता सुट्टीत ती शेडमध्ये थांबत नाही. बाहेर उन्हात, गेटवरच्या पहारेकऱ्याच्या समोर जाऊन बसते. साडेबारा वाजले की उठताना रोज त्याला विचारते, "दादा, मी इथेच होते ना?"

परवा तो म्हणाला, "मधे थोडा वेळ उठून गेला होतात की."