न बसणारे तीन ठिपके

खुर्ची मागायला म्हणून तो तपासणीच्या खोलीत शिरला आणि तिच्या पडद्याकडे बघून हसला. ती आधीच वैतागलेली होती. गॅसच्या नळीचं रबर ताणून तोडायचं आणि ते किती जोराला तुटलं ते टिपायचं, हे तिचं काम. आता त्या ठिपक्यांवरून संगणकाकडून एक रेघ काढून घ्यायची होती, आणि ती मेली ठिपके सोडून भलतीकडेच पळत होती.

"सुरुवातीचा अंदाज दिला नाहीत तुम्ही," तो म्हणाला. "रेघ शोधणारा तयार कोड असतो ना, लायब्ररी म्हणतात त्याला, तिला आधी सांगावं लागतं, साधारण कुठे शोधायचं ते."

"आणि अंदाजच चुकला तर?"

"तर चुकीच्या जागी जाऊन खुशाल बसते. वर सांगते, सापडलं म्हणून."

त्याने दोन आकडे टाकले. रेघ ठिपक्यांवरून अलगद वळली... आणि खुर्ची न्यायची राहूनच गेली.

तो तिथला नवा प्रोग्रामर. ती त्याला रेघोबा म्हणू लागली, तो तिला रबरबाई. चहाच्या यंत्रापाशी तो आधी तिचा कप भरायचा, फुंकर घालायचा, मगच हातात द्यायचा. एवढी काळजी कुणी घ्यायची तिला सवय नव्हती. ती विरघळली.

"घरी सांगितलंस?" तिने एकदा विचारलं.

"सांगितलं की. आई खूश आहे."

"काय म्हणाली?"

"म्हणाली... आण एकदा."

त्यानंतर तिचे पाय जमिनीवर नव्हतेच. त्यामुळे अहवालासाठी त्याने काढून दिलेली रेघ इतकी सुबक कशी आली, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. थंडीत ठेवलेल्या रबराचे तीन ठिपके गायब होते.

"रेघ बिघडवत होते ते," तो म्हणाला. "मोजताना काहीतरी चुकलं असणार."

"मी मोजलेत."

"अगं, साहेबांना सुबक लागतं. माझ्यावर विश्वास नाही का?"

विश्वास होता, तीच तर पंचाईत होती. तिने वाद घातला नाही, पण रबर पुन्हा थंडीत ठेवलं, पुन्हा ताणलं. टप्प! पुन्हा तेवढ्याच जोराला तुटलं, फार लवकर. ही नळी उद्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात लागणार होती.

सांगायला गेली, तर त्याच्या जागेवर त्याची ताई बसलेली. घराची किल्ली द्यायला आली होती.

"तूच ना ती?" ताई संकोचून म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस हं. आई पहिल्या दिवसापासून नाहीच म्हणतेय, हट्टी आहे ती. त्याने सांगितलंच असेल."

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ताई गेल्यावर तो आला. तिने सरळ विचारलं.

"होईल गं तयार," तो म्हणाला. "तुला सांगून उगाच कशाला बिघडवायचं? किती छान चाललं होतं आपलं."

"तुझं चाललं होतं."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर..."

हे तो पहिल्यांदाच म्हणत होता, आणि अगदी खरं. म्हणूनच तिला रडू आवरेना.

डोळे पुसून ती संगणकाशी बसली. तिन्ही ठिपके परत घातले. रेघ शेवटाकडे पार खाली कोसळली. तसाच अहवाल तिने साहेबांना पाठवून दिला. तो मागे उभा राहून बघत होता, पण थांब म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या यंत्रापाशी त्याने सवयीने तिचा कप भरला, फुंकर घातली, पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "मला गरमच लागतो."

तिने आपला कप आपण भरला, त्याच्यासमोरच घोट घेतला, आणि भाजलेली जीभ घेऊन दिवसभर रबर ताणत बसली.