नोंद नसलेला बिघाड

आधी दिसले ते त्याचे बूट. मी लेथखाली पालथी पडून निसटलेला नट शोधत होते, आणि समोर येऊन थांबले दोन लख्ख पुसलेले बूट. आमच्या वर्कशॉपमध्ये? हा नक्की पत्ता चुकलाय!

"मोटरच्या ड्राइव्हची पेटी बसवायला आलोय," वरून आवाज आला. "साहेब कुठायत?"

"साहेब डॉक्टरकडे. मालकीणबाई इथे, लेथखाली."

तो वाकला. नट त्याच्या टाचेशीच होता. तो उचलून, फडक्याने पुसून त्याने माझ्या तळहातावर ठेवला... सावकाश. सगळंच सावकाश करायचा हा माणूस. आणि मला कुठला धीर!

त्यात घाई खरीच होती. आमच्या लेथचा वेग बदलायचा म्हणजे जड मोटर उचलून पट्टा एका पुलीवरून दुसरीवर टाकायचा, दिवसातून दहा वेळा. बाबांचा खांदा त्यातच कामातून गेला. म्हणून त्यांनी लेथ विकायला काढलं. मी याच लेथवर काम शिकले होते, आणि पुढेही मला तेच चालवायचं होतं. "शनिवारी गिऱ्हाईक येतंय," बाबांनी बजावलं होतं. "त्याआधी तुझी ती पेटी चालली तर लेथ तुझं. नाहीतर दिलं त्याला."

"ही पेटी नेमकं करते काय?" मी विचारलं.

"मोटरला वीज हवी तशी मोजून देते. हे बटण फिरवलं की वेग कमी-जास्त. पट्ट्याला हात लावायला नको."

"आणि एकदम जोरात सुरू झाली तर?"

"होतच नाही. हळूहळू वेग घेते. पाच सेकंद दिलेत."

"पाचच का?"

"तुम्ही मध्ये श्वास घेता का हो कधी?"

"घेते की... तुम्ही उत्तर देता तेव्हा."

त्याला हसू आलं, आणि ओठांत धरलेला स्क्रू खाली पडला. आता शोधायची पाळी त्याची होती. मोटर चालू-बंद करायची भिंतीवरची जुनी लोखंडी दांडी तो काढायला निघाला, तेव्हा मीच अडवलं. "ती राहू द्या ना. बाबांची आहे." तो क्षणभर घुटमळला... आणि राहू दिली.

शुक्रवारी दुपारी लेथ फिरलं. मी नाचायचीच बाकी होते! तेवढ्यात बाबा आले आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात थेट दांडीवर गेला. खट्! पेटीवर लाल अक्षरं, मोटर ठप्प. पुन्हा सुरू केलं, पुन्हा खट्. तीनदा तेच.

"चूक माझी," तो म्हणाला. "पेटी आणि मोटर यांच्यामध्ये असं काही जोडायचं-तोडायचं नसतं. मला माहीत होतं. पण तुम्ही म्हणालात राहू द्या, आणि... मला नाही म्हणवलं नाही."

"दांडी काढलीत तरी माझा हात तिकडेच जाणार," बाबा खाली बघत म्हणाले. "जाऊ दे पोरी. उद्या येतोय तो माणूस."

पण माझं डोकं काही गप्प बसेना. "दांडीतून मोटरची वीज जायलाच हवी का?" मी म्हटलं. "तिने पेटीला नुसतं सांगायचं, चालू हो, बंद हो. त्या बारीक तारांसाठी पेटीत जागा आहे ना? मी पेटीच्या माहितीपुस्तकात बघितलीय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आहे," म्हणाला. "हे मला सुचायला हवं होतं."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी तारा बदलल्या. शनिवारी बाबांनी दांडी ओढली, आणि लेथ गुणगुणत सावकाश वेग घेत गेलं. बाबांनी डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवलं.

नंतरचे दहा दिवस लेथ इतकं शहाण्यासारखं चाललं की मला रागच यायला लागला. मेलं एकदा तरी बिघडावं की नाही! शेवटी मीच फोन केला. "पेटी सारखी बंद पडतेय हो."

वीस मिनिटांत हजर! तो, सावकाश माणूस, चक्क धापा टाकत. बुटांवर धूळ. त्याने पेटीची बटणं दाबली.

"गंमत आहे. झालेला प्रत्येक बिघाड ही पेटी लक्षात ठेवते."

मेले! "ठेवते...?"

"हे बघा, बाबांचे ते तीन. त्यानंतर एकही नाही."

कानशिलं तापली माझी. काहीतरी थाप मारता आली असती, पण म्हटलं, आता बस्स. "पेटी ठणठणीत आहे. तुम्ही यावं असं वाटत होतं मला. रोज वाटतं. हसा आता!"

तो हसला नाही. "मला माहीत होतं."

"कसं काय?"

"पेटी बंद पडल्याचं सांगत होतात, आणि फोनवर मागे लेथ मजेत चालू होतं."

"अगंबाई! मग धावत कशाला आलात?"

या वेळी मात्र उत्तर द्यायला त्याने जराही वेळ घेतला नाही.

"त्याचसाठी."