वायर उलटी नव्हतीच!

"उजवीकडे! अरे, उजवीकडे घे!" पंडित बोंबलला.

"उजवीकडेच घेतोय!" दादाने रिमोटची स्टिक पार कडेला दाबली होती. तरी विमान डावीकडे कलंडलं आणि गवतात नाक खुपसून पडलं. तीन आठवड्यांची मेहनत मातीत!

मामा धावत आला. विमान बांधायला टिचकी, दादा आणि त्यांचा मित्र पंडित या तिघांना त्यानेच शिकवलं होतं. त्याने पंख उचलून पाहिला आणि अख्ख्या मैदानासमोर तो कडाडला, "टिचके, सर्व्होची वायर उलटी खोचलीस! म्हणून पंखाच्या पट्ट्या उलट्या हलल्या. आता सुट्टीभर वायरिंगला हात लावायचा नाही!"

पंखातले दोन्ही सर्व्हो, म्हणजे पट्ट्या हलवणाऱ्या चिमुकल्या मोटरी, टिचकीनेच बसवले होते. तिने दादाकडे, आपल्या सख्ख्या भावाकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत राहिला.

घरी येऊन ती पंख मांडीवर घेऊन बसली. पंडित हळूच आत आला.

"रडतेयस?"

"मुळीच नाही! ही वायर बघ. काळी तार जिथे हवी तिथेच आहे. आणि वायर उलटी खोचली, तर सर्व्हो उलटा फिरत नाही, हलतच नाही! पहिल्या दिवशी कुणी शिकवलं होतं हे?"

पंडितने आ वासला. "मामाने!"

"म्हणजे त्याला माहीत होतं." टिचकीने पंख बाजूला ठेवला. चूक झाली असती, तर तिने कबूल केली असती. पण मामा जाणूनबुजून खोटं बोलला होता!

"मलाही माहीत होतं," दारातून दादा पुटपुटला. "तिथे बोलायची हिंमत झाली नाही."

"वा रे भाऊ! निदान आता तरी मदत कर."

संध्याकाळी तिघं सामान घेऊन मामासमोर बसले. टिचकीने साळसूदपणे वायर उलटी खोचली. "मामा, मी अशीच खोचली होती ना?"

"हो, अशीच," पेपरातून मान वर न काढता मामा म्हणाला.

दादाने स्टिक हलवली. सर्व्हो ढिम्म! मग टिचकीने वायर सुलटी केली. आता पट्ट्या हलल्या, पण स्टिक उजवीकडे जाताच उजवी पट्टी वर यायच्या ऐवजी खाली गेली.

"वायर सुलटी, तरी पट्ट्या उलट्या!" पंडित ओरडला. "म्हणजे रिमोटवरचा दिशा पालटायचा खटका कुणीतरी सरकवलाय!"

मामीने कप खाली ठेवला. "अहो, सकाळी तुमचं ग्लायडर याच रिमोटवर तपासत होतात ना?"

मामाचा चेहरा पडला. "ग्लायडरला खटका उलटा लागतो. तो परत सरकवायचा राहिला. मैदानावर सगळे माझ्याकडे बघत होते... लाज वाटली."

"म्हणून माझ्यावर ढकललंस?"

"चुकलो गं. पण काय पकडलंस मला! शाबास!"

"मला बोललास सगळ्यांसमोर," टिचकी म्हणाली, "आणि शाबासकी घरात, गुपचूप?"

मामीने तिला जवळ ओढलं. "बरोबर बोललीस, पोरी!"

दुसऱ्या दिवशी मैदानावर मामाने सगळ्यांना थांबवलं. "कालची चूक माझी होती. आणि खोटंही मीच बोललो. हिचं काम चोख होतं!"

जोरात टाळ्या पडल्या. थोरामोठ्यांनी टिचकीची पाठ थोपटली. तिला बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं. पण मामाने हात पुढे केला, तेव्हा ती पंडितच्या शेजारी जाऊन उभी राहिली.