बिघाडाचे स्वरूप

तक्रार पहिली. (ही खरी होती.)

बाळ झोळीत, झोळी काट्याच्या आकड्याला, आणि सुई तीन किलोवर ठप्प. आई रडवेली झाली. "सिस्टर, महिनाभरात काहीच वाढलं नाही?"

"बाळ वाढलंय हो, काटाच उपाशी आहे!" दारातून कुणीतरी म्हणालं.

देणगीवर चालणाऱ्या माता-बाल केंद्रांचे काटे तपासत गावोगाव फिरणारा संस्थेचा काटेवाला. निघाला होता भलतीकडेच, इथे नुसता पाणी प्यायला थांबला होता. त्याने काटा खोलला, पुसला, लोखंडी वजन टांगलं. सुई बरोब्बर पाचावर! मग बाळ टांगलं. चार भरलं. आई हसली. सिस्टर हसली... आणि तो पाना हातात धरून बघतच राहिला.

"तक्रार लिहून द्या," तो भानावर येत म्हणाला, "नाहीतर ऑफिस विचारेल, न बोलावता कसा गेलास?"

मंगळवारी केंद्रात पाय ठेवायला जागा नसे. दिवसभर दुसऱ्यांची बाळं उचलून सिस्टरचे दंड भरून येत. आणि बुधवारी? दोन खोल्या, एक खाट, एक ताट. बोलायला कुणी नाही म्हणून ती औषधांच्या बाटल्यांवरची नावं मोठ्याने वाचायची.

तक्रार दुसरी. बिघाडाचे स्वरूप: काटा पाव किलो जास्त दाखवतो.

(धादांत खोटं.)

"पाचाला पाचच दाखवतोय की!"

"मघाशी दाखवत होता... सव्वापाच."

"माझ्यासमोर लाजत असेल."

"काटे लाजतात होय?"

"काट्यांचं माहीत नाही, सिस्टर. कान तुमचे लाल झालेत."

तक्रार तिसरी. सुई थरथरते. (सुई ढिम्म होती.)

तक्रार चौथी...

चौथीला तो आलाच नाही. पत्र आलं. 'वारंवार येणाऱ्या तक्रारी लक्षात घेऊन आपणांस नवा डिजिटल काटा देण्यात येत आहे. त्याला देखभाल लागत नाही.'

झालं! बाईसाहेबांनी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. त्या आठवड्यात बाटल्यासुद्धा वाचाव्याशा वाटल्या नाहीत.

नवा काटा लावायला तोच आला. शेवटचा. जुना काटा पोत्यात गुंडाळताना त्याने मान वर केली नाही.

"हा चांगला होता," ती पुटपुटली. "मी खोटं लिहीत होते."

"ठाऊक आहे."

"मग ऑफिसला सांगितलं का नाहीत?"

"मीही लिहायचो ना— बिघाड मोठा होता, दुरुस्त केला, पुन्हा तपासावं लागेल." त्याने गाठ मारली. "आपण दोघांनी मिळून एका सज्जन काट्याचं नाव खराब केलं, सिस्टर."

तिला हसू आलं. मग डोळे भरले. हा आता दार ओलांडणार... आणि पुन्हा येण्याचं काही कारणच उरणार नाही.

"बुधवारी या," ती एकदम म्हणाली. "काम नसतं तेव्हा. बुधवार फार मोठा असतो हो... एकटीला."

तो थांबला. पोतं खाली ठेवलं. बॅगेतून रजेचा अर्ज काढला, औषधांच्या कपाटाला टेकवून बुधवारची तारीख घातली, आणि रजेच्या कारणापाशी पेन अडलं.

"काय लिहू?"

"आता तरी खरं लिहा."

त्याने लिहिलं. तिच्यासमोर धरलं. तिने वाचलं, पुन्हा वाचलं— आणि आता कान लाल व्हायची पाळी त्याची होती.