कॅरिअरची करकर

सायकल दुरुस्तीला नेली होती, एवढीच खरी तर ही गोष्ट. पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण माझाच माझ्यावर पुरता विश्वास नाही. उर्गेंचच्या तंत्रशाळेत मी चाळीस वर्षं शिकवलं. लोखंडावर भार पडला की ते कसं वागतं, हा माझा विषय. पण घरातून निघाल्यावर गॅस बंद केला की नाही हे बघायला तीनदा माघारी फिरणाराही मीच. तेव्हा काय मानायचं ते तुम्ही ठरवा.

माझी बायको अनबर मार्च संपता संपता गेली. ऑक्टोबरात सायकल वाजायला लागली.

पहिल्यांदा ऐकलं ते कालव्याकाठच्या रस्त्यावर. कापसाची वेचणी संपली होती, दोन्ही बाजूंना नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. कुठेतरी त्या जाळत होते, त्याचा कडवट धूर पाण्यावरच्या धुक्यात मिसळला होता. त्या शांततेत माझ्या पाठीमागून आवाज आला. करक्... करक्... मी थांबलो की तोही थांबे.

मुलीला फोनवर हे सांगून बसलो, ही माझी चूक. रायहोन ताश्कंदला डॉक्टर आहे. ती रागावली नाही. हळू आवाजात बोलली, आणि त्यानेच मी घाबरलो.

"दादा, आईचे कपडे अजून कपाटात आहेत. तुम्ही ताटात दोन नान काढता आणि एक परत ठेवता, शेजारच्या काकूंनी सांगितलं मला. आता सायकल वाजते म्हणताय. मी रविवारी येते. आवाज भासच असेल तर तुम्ही माझ्याबरोबर यायचं."

म्हणजे घर विकायचं आणि अनबरची कबर इथे एकटी सोडायची. मला त्या आवाजाचं कारण हवं होतं, आणि रविवारच्या आत तो जायलाही हवा होता.

सायकलवाल्या उस्ता मतनियाझचं, म्हणजे मतनियाझ मिस्त्रीचं, दुकान बाजाराच्या मागच्या फाटकाशी, एका जुन्या लोखंडी मालडब्यात आहे. तो माझा विद्यार्थी. मला अजून दोमलाच म्हणतो, गुरुजी, आणि त्या आदरात दरवेळी एक चिमटाही काढतो.

"दोमला, तुम्ही मला दोनदा नापास केलंत," तो म्हणाला. "बसा सीटवर. आज माझा पेपर."

त्याने मला मोकळ्या जागेत फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः शेजारून चालत राहिला. आवाज त्यालाही ऐकू येत होता, हे समजल्यावर माझा जीव भांड्यात पडला. पेडल मारायचं थांबवलं तरी आवाज चालूच, म्हणून चेन आणि पेडल निर्दोष सुटले. सीटवरून उठून उभा राहिलो, तरी चालूच, म्हणून सीटही निर्दोष. पुढचा ब्रेक दाबून त्याने हँडल हलवून बघितलं, तिथे काही नव्हतं. मग तो मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसला.

कॅरिअर, असं त्याने सांगितलं. उजवीकडचा नट ढिला झालाय, म्हणून कॅरिअरचा पाय चौकटीवर घासतो. इतकं साधं कारण. त्याला मिठी मारायचीच काय ती बाकी होती.

खात्री करायला तो स्वतः चक्कर मारून आला. मतनियाझ वजनाने माझ्या दीडपट आहे. सायकल जराही वाजली नाही. पुन्हा एकदा गेला, मुद्दाम खड्ड्यांतून. तरी नाही. परत आल्यावर तो बराच वेळ चिंधीला हात पुसत राहिला.

"दोमला... रिकामं कॅरिअर वाजायचं नाही. वर भार असला तरच तो पाय दबतो."

"पण मी बसलो की..."

"तेच म्हणतोय मी."

दुकानामागे त्याच्या बायकोने हिवाळ्यासाठी खरबुजं लव्हाळ्याच्या जाळ्यांत टांगून ठेवली होती. त्याने चार काढून पोत्यात भरली, पोतं कॅरिअरला बांधलं आणि निघाला. आवाज आला, पण बारीक. पाचवं घातलं. सहावं घातलं. सातवं घालून तो वळणावरून आला तेव्हा मी हात वर केला, आणि त्याच क्षणी त्याचाही पाय जमिनीला टेकला होता. तोच आवाज. तेवढाच जाड, शेवटाकडे तसाच ओढलेला.

जुन्या सवयीने मी पोतं त्याच्या काट्यावर ठेवलं. अडतीस किलो भरलं.

दवाखान्यात नर्सने शेवटचं काट्यावर उभं केलं तेव्हा अनबरने स्वतःच आकडा वाचला होता आणि हसून म्हणाली होती, आता पुलावर चढताना तुम्हाला धाप लागायची नाही. तोच आकडा. चाळीस वर्षं ती याच कॅरिअरवर बसली. पाय एका बाजूला, आणि एक हात माझ्या कोटाच्या खिशात, थंडी असो वा नसो.

मतनियाझला मी हे सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मान खाली घालूनच म्हणाला, "कसू का नट?"

"रविवारी रायहोन येतेय," मी म्हणालो.

त्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याचा वायसर केला, दोन्ही नट आवळले. मग तळहाताने कॅरिअर झटकलं, घरी वडीलधारं माणूस आलं की आपण बसायची जागा झटकतो तसं.

घरी जाताना सायकल एकदाही वाजली नाही. इतका एकटा मी अंत्ययात्रेच्या दिवशीसुद्धा नव्हतो. तिला मीच रस्त्यात उतरवून आलो, असं सारखं वाटत राहिलं.

रविवारी रायहोन आली. तिने माझा रक्तदाब पाहिला, औषधं मोजली, कपाट उघडून पुन्हा लावलं. उन्हं कलल्यावर म्हणाली, चला, ऐकवा तुमचा आवाज. आणि लहानपणी बसायची तशी उडी मारून कॅरिअरवर बसली.

कालव्यापर्यंत गेलो. मागे सगळं गप्प होतं. पुलापाशी सायकल वळवली तेव्हा ती म्हणाली, "काहीच नाही की, दादा." तिच्या आवाजातला ताण उतरलेला मला पाठीला कळला.

चिनारांच्या रांगेपाशी हँडल जड झालं. करक्... अगदी हळू, माझ्या छातीखालून, पुढच्या दांडीतून. तिथे नट नाही, एकसलग नळी आहे. माझी कोपरं आपोआप बाहेर सरकत गेली, जागा करून द्यावी तशी. सरकीच्या तेलात परतलेल्या कांद्याचा वास आला. अनबरच्या डोक्याच्या रुमालाला तो कायम असायचा. मला भीती वाटायला हवी होती. आधी मात्र वाटलं, ही अशीच. लेक आली म्हणून तिला जागा देऊन स्वतः पुढे सरकली.

"कोपरं अशी का धरलीत? दुखतात का?" रायहोनने विचारलं.

"सवय," मी म्हणालो.

तिने माझ्या पाठीला डोकं टेकलं. "मी उगाच घाबरले. राहा तुम्ही इथेच."

दारापाशी ती उतरली आणि चहा टाकायला आत गेली. मी उतरलो नाही. दांडीवर कोणी बसलेलं असलं की चालवणाऱ्याला आधी उतरता येत नाही. पुढच्याने उतरायचं, मग आपण पाय टाकायचा. एक पाय जमिनीला लावून मी थांबलो. गल्लीत धुकं उतरत होतं. केटलीचा आवाज आला, बंद झाला.

रायहोन दारात येऊन उभी राहिली. "दादा, उतरा ना. चहा निवतोय."

"उतरतो."

मी मान खाली घालून अगदी हळू म्हणालो, "घर आलं, अनबर..."

हँडल हलकं झालं नाही. दारातल्या रायहोनच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलं, आणि ती पायरी उतरून माझ्याकडे येऊ लागली. तिची पावलं जवळ येत होती, तसतसं, कोणी न उतरता हट्टाने अंग सोडून द्यावं तसं, पुढचं चाक ओल्या मातीत बोटभर, मग आणखी बोटभर रुतत गेलं.